वेरूळ, १७९३ : गंगाराम तांबट यांची चित्रे

मॉरिट्स एशर (१८९८–१९७२) या डच चित्रकाराची चित्रे गणिताच्या शिक्षकांच्या ओळखीची असतात. चढत चढत पुन्हा त्याच पायरीवर आणून सोडणारा जिना, धबधब्यातून खाली पडून परत वरच्याच पन्हळीत पोहोचणारे पाणी, एकमेकांत घट्ट बसणारे मासे आणि पक्षी. ही चित्रे सुचण्याआधी सुमारे बारा वर्षे, म्हणजे १९२३ ते १९३५ या काळात, एशर इटलीत राहत होता. वसंत ऋतू आला की पाठीवर पिशवी टाकून तो आब्रुत्सी, कालाब्रिया आणि अमाल्फीचा किनारा या डोंगराळ भागांत पायी फिरे. कड्याच्या टोकावर वसलेली, एकावर एक घरे रचलेली गावे तो चितारून आणी आणि हिवाळ्यात त्यांचे छाप तयार करी. ‘कास्त्रोवाल्वा’ (१९३०) आणि ‘अत्रानी’ (१९३१) ही त्यांपैकी दोन प्रसिद्ध चित्रे. पुढे १९३७ साली त्याने याच अत्रानी गावातली घरे हळूहळू घनाकृती ठोकळ्यांत बदलत नेली आणि त्याच्या पुढच्या साऱ्या गणिती चित्रांची वाट तिथून सुरू झाली.

या गावांना आज लोक हातात एशरचे चित्र घेऊन भेट देतात. चित्रकार नेमका कुठे उभा होता, रस्त्याचे कोणते वळण त्याने घेतले आणि कोणते वगळले, दरी खरोखर इतकी खोल आहे का, हे ताडून पाहतात. वरवर हा हौशी प्रवाशांचा खेळ वाटतो, पण त्यात एक शिस्त आहे. जागा आणि चित्र यांच्यात जो फरक सापडतो, तो चित्रकाराच्या विचाराचा माग असतो.

असा खेळ आपल्याकडे कुठे खेळता येईल? आमच्या मते त्यासाठी वेरूळइतकी चांगली जागा दुसरी नाही. एशरच्या जन्माच्या शंभरहून अधिक वर्षे आधी, १७९३ साली, पुण्याचे एक मराठी चित्रकार वेरूळच्या कड्यासमोर कागद मांडून बसले होते. त्यांचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. नवगिरे या आडनावानेही त्यांचा उल्लेख होतो. या लेखात त्यांच्या कामाची आणि ते जिथे केले त्या जागेची ओळख करून घेऊ.

पुणे दरबारातला गेंडा

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात चार्ल्स वॉर मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यात राहत होता. १७८६ ते १७९७ असा सुमारे अकरा वर्षांचा त्याचा मुक्काम झाला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे निवासस्थान होते. त्याचे मुख्य काम राजकारणाचे, आणि टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे व इंग्रज यांच्यात १७९० साली झालेला तह हे त्यातले मोठे प्रकरण. पण त्या काळच्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांप्रमाणे त्यालाही प्राणी, वनस्पती, जुनी देवळे आणि लेणी यांची नोंद करून ठेवण्याची हौस होती. तेव्हा छायाचित्रण नव्हते. नोंद करायची तर ती शब्दांत करायची किंवा चित्रात, आणि चित्रासाठी चित्रकार हवा.

पुण्यात चित्रकार होतेच. वाड्यांच्या भिंती रंगवणारे, पोथ्यांतली चित्रे काढणारे, देवदेवता चितारणारे कारागीर पेशव्यांनी पदरी बाळगलेले होते. तांबट हे आडनाव तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात. गंगाराम तांबट यांच्या चित्रांपैकी एक तर पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे आहे आणि ते नोव्हेंबर १७९० मधले आहे. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१७९१ साली जेम्स वेल्स (१७४७–१७९५) हा स्कॉटिश चित्रकार मुंबईला उतरला आणि १७९२ साली पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने रंगवलेली चित्रे आज आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो ती याच काळातली. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. तिथे वेल्स आपल्याकडच्या चित्रकारांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवू लागला. त्याच्या हाताखालच्या मंडळींत गंगाराम तांबट हे प्रमुख होते.

१७९३ साली मॅलेटने गंगाराम यांना वेरूळला पाठवले. लेण्यांची चित्रे काढून आणणे, हे काम.

हिवरे बाजारहून वेरूळकडे

आम्ही काही विज्ञानशिक्षक आणि संशोधक मिळून वेरूळला गेलो तो मार्ग नगर जिल्ह्यातून जाणारा होता. नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या हिवरे बाजारला आदल्या दिवशी मुक्काम केला. तेथून घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम करीत गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगर आणि पुढे वेरूळ, असा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. हिवरे बाजार मुद्दाम निवडले होते, कारण वेरूळचा खडक समजून घ्यायचा तर आधी तो उघड्या माळावर पाहावा.

हिवरे बाजारची कहाणी आता सर्वांना ठाऊक आहे. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेले होते. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बंधारे घातले गेले आणि विहिरींना पुन्हा पाणी आले. शेतीसाठी बोअर घ्यायला गावाने बंदी केली. या बंदीमागचे कारण भूशास्त्रीय आहे. दख्खनचा डोंगर एकसंध नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा बेसॉल्ट झाला. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट, काळा पाषाण बनला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यामुळे तिथे भोकाभोकांचा ठिसूळ खडक तयार झाला. त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. पावसाचे पाणी मुरते आणि साठते ते मुख्यतः या ठिसूळ भागात आणि पाषाणाच्या भेगांत. उथळ विहिरीत ते सगळ्यांना मिळते. खोल बोअर मात्र भेगांतले वर्षानुवर्षांचे पाणी एकाच शेतात ओढून काढते.

चर खोदताना कुदळीला जो फरक जाणवतो तोच फरक बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी वेरूळच्या पाथरवटांच्या छिन्नीला जाणवला असणार. वेरूळचा कडाही अशाच थरांचा आहे. पाषाण घट्ट असेल तिथे मूर्तीच्या बोटांची पेरेसुद्धा टिकली आहेत. थर बदलतो किंवा भेग आडवी येते तिथे खांब तडकलेला किंवा चेहरा झिजलेला दिसतो. सुमारे दोन किलोमीटरच्या या कड्यात ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. पावसाळ्यात २९व्या लेण्याजवळ कड्यावरून धबधबा कोसळतो. त्याच्या आसपासच्या भिंतीवर पाण्याचे पाझर कोणत्या थरातून निघतात हे आम्ही पाहिले. हिवरे बाजारच्या विहिरीचा छेद जणू इथे उभा करून ठेवला आहे.

कैलासाचे चित्र काढणे अवघड का?

आता गंगाराम यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहू. समोर १६ क्रमांकाचे कैलास लेणे आहे. त्याला लेणे म्हणतात खरे, पण ते गुहा नाही. डोंगराच्या माथ्यावरून आधी खंदक खोदले. दोन खंदक कड्याला काटकोनात आणि तिसरा मागच्या बाजूने त्यांना जोडणारा. मध्ये उरलेल्या प्रचंड ठोकळ्यातून वरून खाली असे मंदिर कोरून काढले. शिखर आधी, पाया शेवटी. त्यामुळे पराती बांधाव्या लागल्या नाहीत. पाथरवट जिथे उभा राहून काम करी ती जमीनच हळूहळू खाली जात होती.

या खोदकामाची मापे साधारण अशी दिली जातात : लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागच्या बाजूला खोली १०७ फूट. मीटरमध्ये ८४ × ४७ × ३३. सगळा ठोकळा गृहीत धरला तर सुमारे १,३०,००० घनमीटर होतात. पण डोंगराचा उतार समोरच्या बाजूला खाली येतो, म्हणून ढोबळपणे निम्मे धरू : ६५,००० घनमीटर. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.८ पट. म्हणजे एक लाख ऐंशी हजार टनांच्या आसपास वजन झाले. यातून मधले मंदिर वजा करायचे आणि बाजूच्या कड्यात कोरलेली दालने मिळवायची. उत्तर बरेच बदलू शकेल, पण ते लाखांत राहील, हजारांत येणार नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना अंदाज बांधायला शिकवण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

चित्रकारापुढचा प्रश्न मात्र वेगळाच होता. मधल्या मंदिराची रुंदी १०९ फूट धरली तर दोन्ही बाजूंना मंदिर आणि कडा यांच्यात बावीस-तेवीस फुटांचीच जागा उरते. चित्रकार कड्याला पाठ लावून बसला आणि समोरची भिंत ६० फूट उंच असली, तर तिचा माथा पाहायला नजर जवळजवळ ७० अंश वर न्यावी लागते. यथादर्शनाच्या नियमाने काढलेले चित्र डोळ्याला खरे वाटायचे असेल तर त्यातले सारे दृश्य साधारण ६० अंशांच्या शंकूत बसावे लागते, म्हणजे सरळ समोर पाहताना वर-खाली तीस-तीस अंश. त्यापलीकडे गेलो की आकार ताणल्यासारखे दिसतात. मागे सरकायला तर जागा नाही, कारण मागे डोंगर आहे.

म्हणजे कैलासाचे एकच ‘खरे’ चित्र काढता येत नाही. काही दृश्ये अंगणातून घ्यावी लागतात, काही बाजूच्या ओवऱ्यांतून आणि काही वरच्या कड्यावर चढून. कड्यावरून पाहिले की मंदिराची रचना कळते, पण उंची हरवते. अंगणातून पाहिले की उंची अंगावर येते, पण रचना कळत नाही. आम्ही दोन्हीकडे उभे राहून पाहिले तेव्हा एशरची आठवण झाली. वर आणि खाली या दोन्ही नजरा एकाच कागदावर आणण्याचा जो खटाटोप तो करीत असे, त्याची गरज कड्यावरच्या गावांनीच त्याला शिकवली असावी.

यथादर्शनाचे नियमही इटलीतूनच आलेले. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की याने त्यांचे प्रयोग केले आणि १४३५ साली अल्बेर्ती याने ते लिहून काढले. नियम सोपा आहे : वस्तूचा दिसणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो आणि नजरेच्या दिशेने जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावर एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या परंपरेत हा नियम पाळत नसत आणि तो पाळला नाही म्हणून ती चित्रे कमी प्रतीची ठरत नाहीत. तिथे महत्त्वाची वस्तू मोठी, मग ती लांब का असेना. गंगाराम तांबट यांना ही एक दृष्टी अवगत असताना दुसरी आत्मसात करायची होती, तीही वेरूळसारख्या अडचणीच्या जागेत. प्रशिक्षित युरोपीय चित्रकारालाही ते सोपे गेले नसते.

७,८९४ वर्षांचे लेणे

गंगाराम यांनी आणलेली चित्रे आणि स्वतः घेतलेली टिपणे यांच्या आधारे मॅलेटने वेरूळवर निबंध लिहिला. १७९४ च्या अखेरीस त्याने तो गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याच्याकडे पाठवला. शोअर हा तेव्हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा अध्यक्षही होता. सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात निबंध चित्रांसह छापला गेला आणि वेरूळ जगातल्या विद्वानांना माहीत झाले.

या निबंधात लेण्यांच्या वयाबद्दल दोन उत्तरे आहेत. मॅलेटला स्थानिक मुसलमानांनी सांगितले की ‘ईल’ राजाने ही लेणी नऊशे वर्षांपूर्वी खोदवली. ब्राह्मणांनी सांगितले की एलिचपूरच्या ‘इलू’ राजाने ती ७,८९४ वर्षांपूर्वी खोदवली. मॅलेटने दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून ठेवली. यांतले कोणते बरोबर हे ठरवण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते, कारण जुन्या लिपी वाचणे नुकतेच कुठे सुरू झाले होते.

७,८९४ हा आकडा पाहण्यासारखा आहे. तो नेमका आहे, अगदी एककापर्यंत. पण नेमका असणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मापनाच्या पहिल्याच पाठात आपण शिकवतो. ‘सुमारे नऊशे’ हा आकडा ढोबळ होता, तरी तो खऱ्या उत्तराच्या पुष्कळ जवळ निघाला. बडोद्याला सापडलेल्या इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या राष्ट्रकूट ताम्रपटात कृष्णराजाने एलापुर येथे उभारलेल्या अद्भुत मंदिराचे वर्णन आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८३ साली या ताम्रपटाची चर्चा करून एलापुर म्हणजे वेरूळ आणि मंदिर म्हणजे कैलास, ही संगती मांडली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द सुमारे इ. स. ७५६ ते ७७३ अशी धरतात. १७९४ पासून मोजले तर हे सव्वादहाशे वर्षांपूर्वीचे होते.

लोककथेतही काही सत्य दडलेले असते हे इथे दिसते. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात अशी कथा आहे की राजा बरा व्हावा म्हणून राणीने नवस केला आणि मंदिराचे शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असा पण केला. बांधकामाला वर्षे लागणार, मग राणीचे काय होणार? पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने आठवड्याभरात शिखर दाखवतो असे वचन दिले आणि डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केले. कथेतली राणी खरी असो वा नसो, काम वरून खाली झाले ही तांत्रिक माहिती मात्र कथेने शतकानुशतके जपून ठेवली.

तांब्याचा पत्रा

१७९५ साली वेल्स स्वतः वेरूळला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. देश इतका अस्वस्थ असताना हे चित्रकार रेखाटने करीत होते. त्यानंतर वेल्स साष्टी बेटावरच्या लेण्यांचे काम करू लागला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये तिथेच आजारी पडून मरण पावला. मॅलेट १७९८ च्या सुमारास इंग्लंडला परतला. पुढच्या वर्षी त्याने वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केले. वेल्सची रेखाटने अशी इंग्लंडला पोहोचली.

तिथे टॉमस डॅनियल याने त्यांवरून २४ छापील चित्रांचा संग्रह तयार केला आणि १८०३ साली प्रसिद्ध केला. टॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी भारतात सात-आठ वर्षे फिरून असंख्य चित्रे काढली होती. वेल्सची आणि त्यांची मुंबईत भेटही झाली होती. पण वेरूळला ते दोघे गेले नव्हते. म्हणजे ज्या चित्रांनी युरोपला वेरूळ दाखवले, ती छापणाऱ्याने वेरूळ पाहिले नव्हते.

ही चित्रे ज्या पद्धतीने छापली तिला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. तिच्यातले रसायनशास्त्र शाळेत शिकवण्याजोगे आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर राळेची बारीक भुकटी उडवतात आणि पत्रा खालून तापवतात. राळेचे कण वितळून पत्र्याला चिकटतात. मग पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात बुडवतात. राळेखालचे तांबे सुरक्षित राहते. कणांच्या मधल्या जागेतले तांबे विरघळून कॉपर नायट्रेट होते आणि तिथे सूक्ष्म खळगे पडतात. जिथे चित्र फिकट हवे तो भाग थोड्याच वेळात बाहेर काढून वॉर्निशने झाकतात. जिथे गडद हवे तो भाग पुन्हा पुन्हा आम्लात ठेवतात. शेवटी सगळ्या पत्र्याला शाई लावून पृष्ठभाग पुसून घेतात. खळग्यांत शाई राहते आणि दाबयंत्राखाली ती ओल्या कागदावर उतरते. खळगा जितका खोल तितकी छटा गडद. डोंगराच्या सावल्या, लेण्यातला अंधार आणि आकाशातला उजेड यांच्या छटा दाखवायला ही पद्धत फार सोयीची. छापताना डावे-उजवे उलटते, म्हणून पत्र्यावर चित्र आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते.

शिष्य कोण, कधीपासून?

१८०३ च्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : मूळ रेखाटने करणारा जेम्स वेल्स आणि छाप करणारा टॉमस डॅनियल. गंगाराम तांबट यांचे नाव तिथे नाही. पुढच्या लिखाणात त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा ‘वेल्सचा शिष्य’ किंवा ‘वेल्सचा मदतनीस’ असा.

आता तारखा ओळीने मांडून पाहू. गेंड्याचे चित्र नोव्हेंबर १७९० चे. वेल्स भारतात आला १७९१ साली आणि पुण्यात १७९२ साली. गंगाराम वेरूळला गेले १७९३ साली. वेल्स वेरूळला गेला १७९५ साली. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वेल्सचे पाऊल हिंदुस्थानात पडण्यापूर्वीच गंगाराम तांबट हे समोरचा प्राणी पाहून त्याची नोंद करणारे चित्रकार होते. दुसरी, वेरूळची चित्रे काढण्यात ते वेल्सच्या दोन वर्षे पुढे होते. वेल्सकडून ते पुष्कळ शिकले असणार. पण शिकण्यासारखे सारे त्याच्यापासूनच सुरू झाले असे म्हणायला या तारखा आड येतात.

वेल्सवर याचा दोष टाकायचे कारण नाही. त्या काळी हाताखालच्या माणसाचे काम प्रमुखाच्या नावावर जाई. युरोपातल्या मोठ्या चित्रकारांच्या कार्यशाळांतही हेच होते आणि आजच्या प्रयोगशाळांतही अनेकदा हेच होते. उलट, गंगाराम यांचे नाव आपल्याला कळते ते मॅलेटने ते लिहून ठेवले म्हणून. पेशवाईतल्या कितीतरी चित्रकारांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. गंगाराम यांची बरीच चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात, पॉल मेलन यांच्या संग्रहात आहेत. २०११ साली तिथे भरलेल्या प्रदर्शनानंतर अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे अधिक वेधले गेले.

बंद पडलेली शाळा

शनिवारवाड्यातल्या चित्रशाळेचे पुढे काय झाले? १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून वारले. त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात वेल्स गेला. दोन वर्षांनी मॅलेटही पुणे सोडून गेला. आश्रय देणारा, शिकवणारा आणि पुढाकार घेणारा असे तिघेही नाहीसे झाल्यावर शाळा टिकण्याची शक्यता नव्हती. तिची इमारत, नियम, शिकवण्याचा क्रम यांपैकी काहीच व्यक्तींपासून स्वतंत्र झालेले नव्हते. पाश्चात्त्य पद्धतीचे कलाशिक्षण महाराष्ट्रात पुन्हा स्थिरावायला मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू होईपर्यंत साठ वर्षे जावी लागली.

त्या शाळेचे विद्यार्थी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करू लागले. पेस्तनजी बमनजी हे त्यांतले एक. त्याआधी रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे अजिंठ्यात राहून काढलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या पुष्कळ नकलाही १८८५ साली लंडनमध्येच आगीला बळी पडल्या. त्या तुलनेत गंगाराम यांची चित्रे सुदैवी ठरली. दगड झिजतो, गिलावा गळतो, रंग उडतो. कैलासावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता आणि म्हणून त्याला ‘रंगमहाल’ही म्हणत. दोनशे वर्षांपूर्वी त्यातले काय शिल्लक होते, हे पाहायचे तर अशी जुनी चित्रेच उपयोगी पडतात.

वर्गासाठी

वेरूळची सहल अनेक शाळा काढतात. पुढच्या सहलीत तीन गोष्टी करून पाहाव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली, कैलासाच्या अंगणात आणि कड्यावरच्या सुरक्षित वाटेवर अशा दोन ठिकाणांहून विद्यार्थ्यांना एकाच शिखराचे रेखाटन करायला सांगावे. छायाचित्र नको. परतल्यावर दोन्ही रेखाटनांत काय दिसते आणि काय हरवते याची यादी करावी. कोनमापक आणि ओळंबा यांचा साधा उंचीमापक बरोबर असेल तर कोनही मोजता येतील.

दुसरी, खडकाचे थर ओळखावेत. घट्ट पाषाण, भोकाभोकांचा खडक, भेगा, पाझर यांच्या खुणा वहीत नोंदवाव्यात आणि गावाकडच्या एखाद्या विहिरीच्या छेदाशी त्या ताडून पाहाव्यात. आपल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी का राहते किंवा का राहत नाही, या प्रश्नाची उकल बहुधा तिथून सुरू होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते. प्रत्येक रेखाटनाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे पूर्ण नाव, जागा आणि तारीख लिहून घ्यावी. भित्तिपत्रक लावताना, प्रदर्शन भरवताना किंवा अहवाल पाठवताना ‘अमुक शाळेचे विद्यार्थी’ एवढेच न लिहिता सारी नावे लिहावीत. गेंड्याच्या चित्राची तारीख टिकली नसती, तर गंगाराम तांबट आपल्यापुढे आजही फक्त शिष्य म्हणूनच राहिले असते.